स्क्रब टायफस: तापाचा पहिला आठवडा आणि दुसरा

पावसाळ्यात ताप घेऊन दवाखान्यात गेलं की तपासणीचा क्रम साधारण ठरलेला असतो. जीभ बघायची, छातीला स्टेथोस्कोप लावायचा, पोट दाबून बघायचं, मग रक्त तपासायला पाठवायचं. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, विडाल टेस्टमध्ये काहीतरी पुसट आलं की टायफॉइडची औषधं सुरू. या गडबडीत पेशंटचे कपडे बाजूला करून काख, जांघ, कंबर, पाठ बघायची राहून जाते. स्क्रब टायफसची सगळ्यात भरवशाची खूण मात्र नेमकी तिथे असते. ती बघायला लॅब लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

हा आजार वेळेत ओळखला तर स्वस्तातल्या गोळ्यांनी बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. नाही ओळखला, तर तोच पेशंट दुसऱ्या आठवड्यात व्हेंटिलेटरवर असू शकतो. म्हणून स्क्रब टायफसची लक्षणं नुसती पाठ करून फारसा उपयोग नाही. ती कितव्या दिवशी येतात ते कळायला हवं. आणि हो, नावात टायफस असलं तरी टायफॉइडशी याचा काही संबंध नाही. जंतू वेगळा, पसरण्याची रीत वेगळी, औषधही वेगळं.

चावतं कोण

पहिला पाऊस पडला की जमिनीतून लाल मखमली मृगाचा किडा वर येतो. लहानपणी पुष्कळांनी तो तळहातावर फिरवलेला असतो. तो बिचारा काही करत नाही. स्क्रब टायफस पसरवणारा माइट त्याच्या दूरच्या नात्यातला, पण आकाराने फारच लहान. आपल्या देशात यातली मुख्य जात म्हणजे लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स. पूर्ण वाढलेले माइट मातीत राहतात, किड्यांची अंडी वगैरे खातात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. त्रास होतो तो त्यांच्या अळीचा. तिला चिगर म्हणतात. सहा पायांची, जेमतेम पाव मिलिमीटर लांब. नुसत्या डोळ्यांनी ती दिसेल अशी आशा धरू नये. गुराढोरांच्या अंगावर दिसते ती गोचीड वेगळी. गोचीड रक्त पिऊन टम्म फुगते, हाताला लागते, उपटून काढता येते. सिंधुदुर्गातला माकडताप गोचिडीमुळे होतो, स्क्रब टायफस नाही.

या अळीला तिच्या आयुष्यात एकदाच कुठल्यातरी प्राण्याच्या अंगावर पोट भरायचं असतं. त्यासाठी ती गवताच्या पात्यावर किंवा पालापाचोळ्यात टपून बसते. तिथून उंदीर किंवा चिचुंद्री गेली तर तिच्यावर, माणूस गेला तर माणसावर चढते. चढल्यावर लगेच चावतेच असं नाही. कपडा जिथे आवळून बसतो, कातडी जिथे पातळ आणि ओलसर असते, तिथपर्यंत ती चालत जाते. ती रक्त पीत नाही. लाळेने कातडीचा इवलासा भाग विरघळवते आणि तो रस ओढून घेते. हे दोन-चार दिवस, कधी त्याहूनही जास्त चालतं, मग ती गळून पडते. ना दुखतं, ना फारसं जाणवतं. म्हणून ‘काही चावलं होतं का?’ या प्रश्नाला पेशंट अगदी खरेपणाने ‘नाही’ म्हणतो. त्या उत्तरावरून आजार नाही असं ठरवता येत नाही.

तिच्या लाळेतून जो जिवाणू शरीरात जातो त्याचं नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. नाव जपानी आहे, कारण या आजाराची जुनी ओळख तिथली. जपानमधल्या नीगाता, यामागाता, आकिता या भागांत नद्यांच्या काठी, पूर ओसरल्यावर उरणाऱ्या गाळपेराच्या जमिनीत राबणाऱ्या शेतकऱ्यांना हा ताप धरायचा. 1995 पर्यंत या जिवाणूची गणना रिकेट्सिया या गटात होत असे, नंतर त्याचा वेगळा गट केला गेला.

माइटची मादी हा जंतू अंड्यांतून पुढच्या पिढीला देते. म्हणजे साठाही माइटकडे आणि वाटपही माइटकडेच. उंदरांचं काम एवढंच की त्यांच्या अंगावर चिगर पोसले जातात आणि इकडून तिकडे पोचतात. उंदराच्या लघवीतून किंवा चाव्यातून स्क्रब टायफस होत नाही. उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोशी (लेप्टोस्पायरोसिसशी) अनेकांचा इथे घोटाळा होतो. माणसाकडून माणसालाही तो होत नाही, त्यामुळे पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवायचं काही कारण नाही. आणखी एक गंमत म्हणजे हे माइट सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. एका बांधावर ढिगाने असतील आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या बांधावर एकही नसेल. घरातल्या एकालाच ताप का आला आणि बाकीच्यांना का नाही, याचं उत्तर बरेचदा इथे मिळतं.

ताप येण्याआधीचे दिवस

समजा, भंडारा जिल्ह्यातली पंचेचाळीस-पन्नास वर्षांची एक शेतमजूर मावशी आहे. धानाची रोवणी उरकली, आता निंदण चालू आहे. दिवसभर वाकून गवत उपटायचं, दुपारी बांधावर बसून डबा खायचा, परसाकडेला झुडपांच्या आडोशाला जायचं, संध्याकाळी येताना डोक्यावर चाऱ्याचा भारा. चिगर अंगावर चढायला यातलं कुठलंही निमित्त पुरतं.

चावल्यापासून ताप येईपर्यंत 6 ते 21 दिवस जातात, बहुतेकांत 10 ते 12. म्हणजे ताप येतो तेव्हा ते निंदण मागे पडलेलं असतं. या मधल्या काळात चाव्याच्या जागी मात्र काम चालू असतं. आधी एक बारीक पुळी येते. मग तिचा फोड होतो, फोड फुटून छोटी जखम होते, आणि ताप सुरू होण्याच्या सुमारास तिच्यावर काळी, कोरडी खपली धरते. भोवती लालसर कडा. अर्धा ते एक सेंटिमीटरचा हा डाग पाहिला की सिगारेटचा चटका बसल्यासारखा वाटतो. डॉक्टर याला एस्कार म्हणतात.

एस्कार दुखत नाही आणि खाजतही नाही. सगळी अडचण यातूनच येते. दुखली असती तर मावशीने स्वतःहून दाखवली असती. ती असते कुठे? काखेत, जांघेत, स्तनांखाली, कंबरेच्या नाड्याच्या किंवा करदोड्याच्या रेषेवर, बेंबीत, नितंबांच्या मध्ये, गुडघ्यामागच्या लवणीत, कानामागे, पुरुषांत अंडकोषावर. जागा अशा की पेशंटला स्वतःला दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी सांगायला संकोच वाटतो. लुगड्याची गाठ सोडून दाखवा असं तरुण डॉक्टरने म्हटल्यावर आजी ‘तिथं काही नाही रे बाबा’ म्हणून विषय संपवते. असं काम नर्सबाईंनी किंवा घरातल्या सुनेने, लेकीने आडोशाला नेऊन करावं, डॉक्टरांनी तशी विनंती आवर्जून करावी. दोन मिनिटं लागतात. घामाच्या, घासणाऱ्या जागी काळी खपली धरत नाही, नुसती उथळ पिवळट जखम दिसते, हेही शोधणाऱ्याला माहीत हवं.

एस्कार सापडला तर आपल्या भागात स्क्रब टायफसचं निदान जवळपास झालंच समजा. सापडला नाही म्हणून आजार नाही, असं मात्र नाही. भारतातल्या काही रुग्णालयांच्या नोंदींत दहातल्या एकाकडेही तो दिसत नाही, तर काहींत निम्म्याहून जास्त पेशंटांत दिसतो. यातला काही फरक जंतूच्या प्रकारांमुळे असेल, काही सावळ्या कातडीवर डाग उठून न दिसल्यामुळे. पण शोधणाऱ्याने किती नेटाने शोधलं यानेही मोठा फरक पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला आठवडा: कुठल्याही तापासारखा ताप

ताप सहसा एकाएकी येतो आणि 102 ते 104 फॅरनहाइटपर्यंत जातो. कधी थंडी वाजते. डोकं प्रचंड दुखतं, बऱ्याच पेशंटांची पहिली तक्रार तीच असते. अंग मोडून येतं, डोळे लाल होतात, भूक जाते, मळमळ आणि उलटी होते. काहींचं पोट इतकं दुखतं की अपेंडिक्सची शंका येते. एस्कारच्या जवळच्या गाठी सुजतात; जांघेत अवधाण आलं असेल आणि पायाला जखम कुठे दिसत नसेल, तर त्या पट्ट्यात एस्कार शोधायलाच हवा.

साधारण पाचव्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान काहींच्या छातीवर, पोटावर फिकट लाल पुरळ उठतं आणि हातापायांकडे पसरतं. ते खाजत नाही, चार दिवसांत मावळतं, आणि आपल्या कातडीच्या रंगावर पुष्कळदा दिसतच नाही. पुस्तकात पुरळाला मोठं स्थान आहे, प्रत्यक्षात त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा एक वेगळंच लक्षण विचारून घेण्यासारखं आहे: कमी ऐकू येणं, कानात आवाज येणं. ताप चालू असताना अचानक कानांना दडे बसल्यासारखे झाले तर ते स्क्रब टायफसमुळे असू शकतं. साध्या व्हायरल तापात असं सहसा होत नाही. पेशंट बरा झाला की ऐकूही पूर्ववत येतं.

तरीही, पहिल्या आठवड्यात हा ताप इतर तापांपासून निव्वळ लक्षणांवरून वेगळा काढणं अवघडच. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे महिने डेंग्यूचे, मलेरियाचे, लेप्टोचेही असतात. काही धागे हाती लागतात तेवढे धरावे. डेंग्यूत ताप साधारण आठवड्याच्या आत उतरतो आणि धोक्याचा काळ ताप उतरताना येतो. स्क्रबमध्ये ताप आठवडा उलटला तरी हटत नाही. डेंग्यूत प्लेटलेट घटतात तसे पांढऱ्या पेशीही घटतात. स्क्रबमध्ये प्लेटलेट घटतात, पांढऱ्या पेशी मात्र नॉर्मल किंवा वाढलेल्या असतात. आपल्याकडे प्लेटलेटलाच ‘पांढऱ्या पेशी’ म्हणायची सवय पडली आहे, त्यामुळे ‘पेशी कमी झाल्या म्हणजे डेंग्यूच’ असं घरचे ठरवून मोकळे होतात. रिपोर्टमध्ये या दोन ओळी वेगवेगळ्या असतात, नीट वाचाव्या. स्क्रबमध्ये यकृताचे एसजीओटी, एसजीपीटी हे आकडेही बहुतेकदा वाढलेले असतात. एकाच पेशंटला दोन आजार मिळून होऊ शकतात, तेव्हा डेंग्यू पॉझिटिव्ह आला तरी ताप सात दिवसांपुढे गेल्यास पुन्हा विचार करावा.

आपल्या मावशीचा पहिला आठवडा कसा जातो हे सांगायला नको. गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन, तापाच्या गोळ्या. ताप दोन तास उतरतो, पुन्हा चढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सलाईन आणि एक भारी अँटिबायोटिक. हे अँटिबायोटिक बहुधा सेफ्ट्रियाक्सोन किंवा त्याच्या जातीतलं असतं, आणि ओरिएन्शियावर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं जंतूच्या भिंतीवर घाव घालतात. ओरिएन्शियाची भिंत अगदीच नाममात्र, शिवाय तो आपल्याच पेशींच्या आत दडून राहतो. सिप्रोफ्लॉक्सासिनलाही तो दाद देत नाही. म्हणजे ‘अँटिबायोटिक चालू आहे’ या समाधानात पाच दिवस जातात आणि जंतूला कोणी हात लावलेला नसतो.

शरीरात नक्की काय चाललेलं असतं

चाव्याच्या जागी वाढून जंतू आधी जवळच्या गाठींत आणि तिथून रक्तात जातो. त्याचं आवडतं ठिकाण म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. त्या अस्तराच्या पेशींत तो शिरतो, तिथे त्याची संख्या वाढते, आणि त्याच्याशी लढायला धावून आलेल्या पेशींमुळे वाहिनीला सूज येते. सुजलेल्या वाहिनीतून रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपू लागतात.

बारीक रक्तवाहिन्या नाहीत असा अवयव नाही, म्हणून या आजाराची लक्षणंही एका जागी राहत नाहीत. मेंदूभोवतीच्या वाहिन्या सुजल्या की डोकेदुखी, फुप्फुसातल्या सुजल्या की खोकला आणि धाप, मूत्रपिंडातल्या सुजल्या की लघवी कमी. एकाच पेशंटला एकाच वेळी कावीळ, दम आणि बरळणं दिसतं तेव्हा नातेवाईक गोंधळतात की नेमका आजार कशाचा. आजार एकाच जागेचा आहे; ती जागा फक्त सगळ्या शरीरभर पसरलेली आहे.

दुसरा आठवडा

बऱ्याच जणांचं शरीर उपचाराशिवायही हा हल्ला परतवतं. औषधं नव्हती त्या काळात ताप दोन-तीन आठवडे राहून हळूहळू उतरायचा आणि माणूस कित्येक आठवडे अशक्त राहायचा. ज्यांचं असं होत नाही त्यांची घसरण साधारण सातव्या-आठव्या दिवसानंतर सुरू होते, आणि ती भराभर होते.

सगळ्यात जास्त भीती फुप्फुसांची. आधी कोरडा खोकला, मग चालताना धाप, मग पडल्या पडल्याही धाप. एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दिसू लागतात. वाहिन्यांतून झिरपलेलं पाणी फुप्फुसात साठून रक्ताला ऑक्सिजन मिळेनासा होतो. याला डॉक्टर एआरडीएस म्हणतात, आणि अशा पेशंटला व्हेंटिलेटर लागू शकतो. दुसरीकडे रक्तदाब घसरतो, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, मूत्रपिंडं काम कमी करतात, डोळे पिवळे दिसू लागतात. मेंदूवर सूज आली तर मान ताठते, पेशंट ग्लानीत जातो, बरळतो, झटके येतात. हे सगळं प्रत्येकाला होत नाही. पण दोन-तीन अवयव एकदम बिघडले की प्रकरण अवघड होतं.

उपचार न मिळालेल्या पेशंटांचे जगभरातले जुने अभ्यास एकत्र केले तर मृत्यूचं प्रमाण मध्यावर धरून 6 टक्क्यांच्या आसपास येतं. पण हा आकडा फसवा आहे. काही ठिकाणी एकही मृत्यू नाही, काही ठिकाणी 70 टक्क्यांपर्यंत. जंतूचा प्रकार, वय, आणि उपचार कितव्या दिवशी सुरू झाला यावर सगळं अवलंबून. गरोदर बाईला हा आजार झाला तर तिच्याइतकाच पोटातल्या बाळालाही धोका असतो; गर्भ पडण्याचं, मूल मृत जन्मण्याचं प्रमाण यात बरंच मोठं आहे. गरोदरपणातला पाच दिवसांचा ताप ‘होईल कमी’ म्हणून घरी काढू नये.

दुसऱ्या आठवड्याची किंमत काय असते हे उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरने सगळ्यात जास्त अनुभवलं. तिथे दरवर्षी पावसाळ्यात शेकडो लहान मुलं ताप, झटके आणि बेशुद्धी घेऊन रुग्णालयात यायची. 1978 पासून त्या भागात जपानी मेंदूज्वराच्या साथी होत होत्या, त्यामुळे सगळ्यांचा रोख त्याच विषाणूवर. लसीकरण झालं, जपानी मेंदूज्वराच्या केसेस घटल्या, तरी मुलं येतच राहिली. काही काळ दूषित पाण्यातल्या विषाणूंवर संशय घेतला गेला. शेवटी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) इतर संस्थांच्या मदतीने तपास केला, तेव्हा 2015 च्या साथीतल्या 60 टक्क्यांहून जास्त मुलांच्या रक्तात स्क्रब टायफसच्या ताज्या अँटिबॉडी सापडल्या.

यातली बोचणारी गोष्ट अशी की ही मुलं पहिल्या दिवशी बेशुद्ध होत नव्हती. आधी काही दिवस त्यांना नुसता ताप असायचा. कुठल्यातरी दवाखान्यात ती जाऊन आलेली असायची, औषधं घेतलेली असायची, फक्त जे लागू पडतं ते औषध त्यात नसायचं. त्यानंतर धोरण बदललं. साथीच्या दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाचं मूल आलं की रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन सुरू करायचं, असं ठरलं.

आपल्याकडे 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण एकामागून एक सापडले, मृत्यूही झाले, तेव्हा कुठे हे नाव वर्तमानपत्रांतून घराघरांत गेलं. विदर्भ त्याआधीही या आजारापासून मुक्त नव्हता. गोव्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी तिथल्या पेशंटांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला होता. हिमाचल, उत्तराखंड, तामिळनाडू, ईशान्येकडची राज्यं इथे तर तो नेहमीचाच. तामिळनाडूत त्याचा मोसम पावसाळ्यानंतरच्या थंड महिन्यांत जास्त असतो, तेव्हा डिसेंबरमध्ये वेल्लोरकडून ताप घेऊन आलेल्याला ‘आता कुठला स्क्रब’ म्हणू नये.

टेस्ट काय सांगते, काय नाही

नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये हा जंतू वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. सर्वसाधारणपणे केली जाते ती आयजीएम एलायझा. ती शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि अँटिबॉडी तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर त्यावरून काहीच ठरत नाही. उलट्या बाजूची अडचण अशी की एकदा आलेल्या अँटिबॉडी कित्येक महिने रक्तात राहतात. ज्या भागात हा आजार नेहमीचा आहे तिथे पॉझिटिव्ह रिपोर्ट कधीकधी मागच्या मोसमाचा असतो. पीसीआर टेस्ट जंतूचा अंश थेट शोधते, पहिल्या आठवड्यात ती उपयोगी पडते, आणि एस्कारची खपली त्यासाठी उत्तम नमुना असते. वाइल-फेलिक्स ही जुनी, स्वस्त टेस्ट काही ठिकाणी अजून करतात. तिच्यातून बरेच पेशंट निसटतात.

थोडक्यात, ज्या दिवसांत औषधाचा फायदा सगळ्यात जास्त, त्याच दिवसांत नेहमीची टेस्ट सगळ्यात कमी कामाची. म्हणून संशय पुरेसा असेल तर रिपोर्ट यायच्या आधी औषध सुरू करणं हा निष्काळजीपणा नाही, तीच योग्य पद्धत आहे.

औषध

1948 मध्ये मलायातल्या क्वालालंपूर इथे जोसेफ स्मॅडेल यांच्या पथकाने क्लोरॅम्फेनिकॉल हे तेव्हा नवं असलेलं औषध स्क्रब टायफसच्या पेशंटांना दिलं आणि ताप झपाट्याने उतरले. त्याच्या तीन-चार वर्षं आधी, दुसऱ्या महायुद्धात आसाम आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या तापाने आजारी पडणाऱ्या सैनिकांसाठी डॉक्टरांकडे शुश्रूषेपलीकडे काही नव्हतं.

आज पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनला. मोठ्या माणसाला सहसा 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस. गरोदर बायकांना अझिथ्रोमायसिन देतात. लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन दिल्याने दात पिवळे पडतात ही जुनी भीती दीर्घकाळ दिलेल्या टेट्रासायक्लिनवरून आलेली आहे. थोड्या दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने तसं होत नाही, म्हणून आता मुलांनाही ते दिलं जातं. डोस वजनाप्रमाणे, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊन छातीत जळजळतं. पित्ताची पातळ औषधं किंवा लोहाच्या गोळ्या सोबत घेतल्या तर औषध अंगी लागत नाही.

औषध सुरू झालं की 48 तासांच्या आत बहुतेकांचा ताप उतरतो. हा उतार इतका ठळक असतो की डॉक्टर त्याचा निदानासाठीही आधार घेतात. दोन-तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर निदान चुकलं असेल, सोबत दुसरा आजार असेल किंवा गुंतागुंत झाली असेल. तिथे गावातच थांबून राहू नये. ताप गेला म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंदही करू नयेत.

गंभीर पेशंटांचं काय, यावर भारतातच एक महत्त्वाचं काम झालं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातल्या सात रुग्णालयांत जवळजवळ आठशे गंभीर पेशंटांवर चाचणी झाली, ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना शिरेतून डॉक्सिसायक्लिन, काहींना अझिथ्रोमायसिन, काहींना दोन्ही. मृत्यू, सातव्या दिवशीही न हटलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न गेलेला ताप, यांपैकी काहीतरी वाट्याला येण्याचं प्रमाण एकेकट्या औषधात 47-48 टक्के होतं, दोन्ही मिळून दिल्यावर ते 33 टक्क्यांवर आलं. नुसते मृत्यू मोजले तर तिन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. गंभीर अवस्थेला पोचल्यावर चांगल्यात चांगलं औषधही सगळ्यांना परत आणू शकत नाही, हे त्यातून दिसतंच.

तेव्हा ताप पाच दिवसांच्या पुढे गेला आणि मागच्या तीन आठवड्यांत शेत, रान, गवत, नदीकाठ, सरपण, ट्रेकिंग यांतलं काही झालेलं असेल, तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगावं. शहरातल्या डॉक्टरला समोरच्या पेशंटचं गाव दिसत नसतं. अंगावर कुठे न दुखणारी काळी खपली आहे का ते घरीच बघून घ्यावं आणि असेल तर आधी तीच दाखवावी. श्वास लागणं, लघवी कमी होणं, गुंगी, झटके, अंगावर पिवळेपणा यांतलं काहीही दिसलं तर थेट मोठं रुग्णालय गाठावं. उरलेल्या जुन्या गोळ्या घरच्या घरी सुरू करायचा उद्योग मात्र करू नये. ताप टायफॉइडचा किंवा मलेरियाचा निघाला तर नसती उशिराची वेळ येते.

पुन्हा होऊ शकतो

लस नाही. एकदा होऊन गेल्यावर जन्मभराचं संरक्षणही मिळत नाही, कारण या जंतूचे प्रकार पुष्कळ आहेत. ज्या प्रकाराने आजार झाला त्याच्यापासून काही वर्षं बचाव होतो, दुसऱ्या प्रकारापासून जेमतेम काही महिने. ‘मला मागच्या साली झाला होता, आता नाही होणार’ हा हिशेब इथे चालत नाही.

बचावाचे उपाय साधे आहेत. निंदणाला, गवत कापायला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे, पायांत गमबूट किंवा निदान मोजे, आणि पँटचं टोक मोज्यात खोचलेलं. उघड्या कातडीला डीईईटी असलेलं कीटकरोधक मलम लावता येतं, कपड्यांवर परमेथ्रिन फवारता येतं, पण मजुरी करणाऱ्या बाईच्या हातात ही बाटली असेल असं धरून सल्ला देणं जरा शहरीच आहे. तिच्या हातात आहे ते एवढं: बसताना, निजताना खाली गोणपाट किंवा ताडपत्री टाकायची, अंगातले कपडे झुडपावर किंवा गवतावर वाळत घालायचे नाहीत, घरी आल्यावर कपडे बदलून उकळत्या पाण्यात भिजवायचे आणि साबण लावून अंग खसखसून घासायचं. चिगर अंगावर चढल्यावर जागा शोधत फिरत असतो, त्यामुळे त्याच दिवशीची आंघोळ खरंच कामाची ठरते. घराभोवतीचं गवत आणि झुडपं छाटलेली असावीत, आणि घरात संडास असेल तर तो वापरात असावा, कारण रोज सकाळी झुडपांत जाऊन बसणं ही चिगरला दिलेली सगळ्यात सोपी संधी आहे. मुलांना खेळून आल्यावर आंघोळ घालताना काख आणि जांघ बघून घ्यायला वेगळा वेळ लागत नाही.